पाच मिनिटांत तीस हजार

९ जून, सकाळी
आजपासून आर्थिक शिस्त. शाळेच्या फी काउंटरवर बावीस वर्षं काढली, एका रुपयाची चूक नाही. घरचं बजेट म्हणजे किरकोळ. तनयाच्या कॉलेजचे तीस हजार शुक्रवारपर्यंत भरायचेत. पगार घरखर्चात आणि क्रेडिट कार्डात गेला. कार्डाचं मी मिनिमम भरतो, बाकी बँक सांभाळून घेते.

दुपारी
बँकेत गेलो. तिथल्या मृणाली मॅडम म्हणाल्या, एफडी मोडू नका, तिच्यावरच कर्ज घ्या, व्याज कमी पडेल. पण एफडी दोघांच्या नावावर. बायकोची सही लागेल. म्हणजे सरोजिनीला सगळं सांगावं लागेल. बँकांची पद्धत फारच जुनाट.

१० जून
मेहुणा केसरीनाथ काल्हेरला दोन गोडाउनं भाड्याने देतो. मागितले तर बिनव्याजी देईल. म्हणूनच मागणार नाही.
मोबाइलवर अ‍ॅप सापडलं. ना सही, ना जामीनदार. कॉन्टॅक्ट आणि फोटो बघू का, विचारलं. बघा! लपवण्यासारखं काय आहे? पाच मिनिटांत तीस हजार मंजूर. हातात एकवीस. नऊ हजार प्रोसेसिंग फी. सर्व्हिस फास्ट आहे, तेवढं चालायचंच. कमी पडलेले दुसऱ्या अ‍ॅपवरून घेतले.

१३ जून
फी भरली. तनयाला म्हटलं, पैशाचं नियोजन बापाकडून शीक.

१७ जून
मुदत सात दिवसांची निघाली. मी सात महिने समजलो. अक्षर बारीक होतं. तिसऱ्या अ‍ॅपवरून घेऊन पहिल्याचे थोडे भरले. मोठ्या कंपन्याही हेच करतात.

१९ जून
शाळेत असताना अकरा फोन. वसुलीवाला सभ्य आहे. सुधीरजी म्हणतो.

२१ जून
आता नुसतं सुधीर म्हणतो. वज्रेश्वरीला काढलेला आमचा तिघांचा फोटो त्याने मलाच पाठवला. खाली लिहिलंय, बेटी कौन से कॉलेज में है? उत्तर दिलं नाही. ठाम राहिलो. नंतर चार हजार भरले.

२३ जून
भरल्यावर रक्कम वाढली. हिशेबात त्यांची काहीतरी गफलत असणार. तनयाला सांगितलं, काही दिवस एकटी जाऊ नकोस. का, म्हणाली. रस्त्याची कामं चालू आहेत म्हटलं.

२६ जून
आमचा शिपाई अनंता चहा ठेवताना हळूच म्हणाला, साहेब, मलाबी मेसेज आलाय. तुमचा फोटो हाय, खाली चोर लिवलंय. पन मी न्हाय वाचला.
भला माणूस.

२७ जून
स्टाफरूममध्ये शिरलो तर सगळ्यांनी मोबाइल पालथे ठेवले. हेडसरांनी बोलावलं. सोमवारपासून फी काउंटर दुसरं कोणी बघेल, म्हणाले. तुम्ही दाखल्यांचं बघा. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ताण कमी होईल, बरंच झालं.

संध्याकाळी घरी तसंच सांगितलं, कामाचा बोजा कमी केला म्हणून. सरोजिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मलाही आलाय तो मेसेज. शनिवारीच. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.

तेवढ्यात तनयाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला. तिघांपैकी कोणीच हात लावला नाही.