ओसाकाचे आठ, नाशिकचे साडेचार

ओसाका, ५ ऑक्टोबर १९९७

ती. आईस,
ज्योत्स्नाचा सा. नमस्कार.

वर खोडलंय ते 'सौ.' आहे. हात सवयीने लिहून गेला. दुसरा कागद घेणार होते, पण राहू दिलं. दादांना जाऊन चार महिने होत आले ना?

ट्रेनिंग ठीक चाललंय. सातपूरच्या कारखान्याने मला एकटीलाच पाठवलं, याचं इथल्या साहेबांना फार नवल. आज रविवार, म्हणून शहरभर एकटी भटकले. अगं, हे गाव खाण्याचंच! कालव्याच्या काठाने नुसती हॉटेलं, एकावर तर खोलीएवढा खेकडा पाय हलवत बसलाय. कोबीचं जाड धिरडं तव्यावर आपल्यासमोर भाजून देतात. पोटभर खाल्लं. फोन नको करूस, दोघींना नुसतं रडूच येतं.

लोभ आहेच, इतक्या लांबही पुरू दे.
तुझी,
ज्योत्स्ना

नाशिक, १६ ऑक्टोबर १९९७

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारच्या कुसाबाईंना तुझा खेकडा वाचून दाखवला. पोरगी आता तिकडेच रमते बघा, म्हणाल्या.

मी बरी आहे. एवढंच, की जेवायची वेळ कळत नाही. तुझे दादा ओझरहून सेकंड शिफ्ट करून यायचे, त्यांचं झालं की मी बसायचे. तीस वर्षं शेवटी जेवले. आता कोणाच्या मागून जेवू? मग एक युक्ती काढली. तुझे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेचार. घड्याळात साडेचार झाले की तू जेवलीस असं धरते आणि दिवेलागणीला निर्धास्त भाकरी टाकते. हसू नकोस, त्यानेच घास उतरतो.

यंदा दिवाळी करायची नाहीच. तू नीट जेवतेस ना? खरं सांग.
तुझी,
आई

ओसाका, २६ ऑक्टोबर १९९७

ती. आईस,
सा. नमस्कार.

मी खोटं लिहिलं होतं. ते धिरडं मी नुसतं काचेतून पाहिलं. दारात मालकीणबाईंनी एक बोट वर करून विचारलं, एकटीच का. मला इतकी लाज वाटली की मान हलवून सरळ चालू लागले. हॉटेलात एकटी जेवणारी बाई आपल्याकडे मी कधी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून खोलीवर उभ्याउभ्या बिस्किटं नाहीतर दुकानातला गार भात. काही दिवस तेही नाही. माझ्या जेवणावर तू जेवतेस, हे मला कुठे ठाऊक होतं गं?

आज परत गेले. बाईंनी विचारायच्या आत मीच एक बोट दाखवलं. तव्यापुढच्या उंच खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. पलीकडे ऑफिसातली एक बाई एकटीच आली, जेवली, निघून गेली. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पहिल्याच घासाला जीभ पोळली आणि मग रडूच आलं. दादांची फार आठवण आली. रडत रडत सगळं संपवलं. मालकीणबाईंनी न विचारता पाणी पुढे सरकवलं.

आता रोज आठला जेवणार. हे पत्र पोचायला दहा दिवस लागतील. तोवर तू अंदाजानेच जेवशील, पण आजपासून तो अंदाज खरा आहे.

आई, माझं झालं. आता तू बस.

तुझी,
ज्योत्स्ना