बातमी आली तेव्हा दादा कुठे होता

११ ऑक्टोबर
परत तेच. सैन्यानं सरकार उलथवलं त्याला या आठवड्यात तीस वर्षं होतात, म्हणून रेडिओवाले जो भेटेल त्याला विचारत सुटलेत — बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात? चष्म्याच्या दुकानातही तोच विषय. मी काचा घासतेय, गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून आठवणी सांगतंय. एकजण तर पंचविशीचाही नसेल. म्हणे, "मला अगदी स्पष्ट आठवतंय." मी म्हटलं, "डोळे तपासून घ्या." मालकांना आवडलं नाही.

१२ ऑक्टोबर
आज रेडिओवर चक्क आमचा दादा. निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे आवाज घुमवून. "मी इस्पितळात वडिलांच्या उशाशी होतो. बातमी ऐकून त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, देश सांभाळा रे. आणि गेले."

डोकंच फिरलं. उशाशी मी होते. एकोणीस वर्षांची, एकटी. सकाळी नर्सच्या टेबलावरच्या रेडिओत आधी नुसता बँड वाजत राहिला, मग एक कोरडा आवाज. वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसले. बाबांना देशाचं काही पडलं नव्हतं. त्यांनी तीनदा एवढंच विचारलं, "दादा आला का गं?" दुपारी गेले. दादा उगवला तिसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. "रस्ते बंद होते." मी तेव्हाही काही बोलले नाही, नंतरही नाही. भोगा आता.

१३ ऑक्टोबर
फोन केला. "तू लहान होतीस, तुला काय आठवणार." एकोणीस म्हणजे लहान? मग म्हणे, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतेस. मी आणतेय? रेडिओवर कोण बोललं? फोन आपटला — खरं तर त्यानंच आधी ठेवला.

१४ ऑक्टोबर
दोन काचा वाया घालवल्या. मालक: "लक्ष कुठंय बाई तुमचं?"

१५ ऑक्टोबर
वहिनी दुकानात आल्या. चष्म्याची काडी सैल झाली म्हणे. काडी चांगली घट्ट होती. हळूच म्हणाल्या, "वन्सं, यांच्यावर एवढ्या चिडू नका." मी म्हटलं, बाबांचं मरण पळवलंय त्यानं, चिडू नको तर काय करू? त्यांनी चष्मा पर्समध्ये घातला. जाताना दारातून — "त्या दिवशी ते कुठे होते, हे एकदा सरळ विचारा. माझं नाव नका सांगू."

म्हणजे काय? आता हेही मीच विचारायचं. उद्या जातेच.

१६ ऑक्टोबर
विचारलं. दादानं आधी उठून खिडकी लावून घेतली.

मग म्हणाला, "तू बाबांच्या चपला हातात घेऊन बाहेर आलीस. एक पडली. उचलायला वाकलीस आणि पायरीवरच बसलीस."

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

तो समोरच्या बंद दुकानाच्या आडोशाला उभा होता. सकाळपासून. इस्पितळाच्या फाटकावर सैनिक यादी घेऊन नावं विचारत होते, आणि कॉलेजच्या दिवसांपासून विद्यार्थी संघटनेत त्याचं नाव होतं.

"रस्ता नाही ओलांडला मी," म्हणाला. "दहा पावलं होती गं."