मधातली खोली

अकोला,
१४ डिसेंबर २०२५

चि. ललित,

आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या काकांचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि चहाच्या टपरीपर्यंत जाताना दुखत नाही, म्हणजे तोही ठीकच आहे. परवा वलगावहून तुझ्या आईचा फोन होता. ललित बारीक झाला, म्हणाली. मी म्हटलं, अक्का, दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या जुळवत बसणारा पोट्टा बारीक होईल नाही तर काय होईल? कुठंतरी चांगला डबा लाव बाबा.

आता पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर अश्विनचं नाव काढलं की परतवाड्याची रेंज जाते. मेळघाटाच्या पायथ्याशी रेंज नसते, कबूल. पण ती त्या एकाच नावावर कशी जाते रे? कागदाला रेंज लागत नाही, म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत पोरांना शिकवल्यामुळे हातून पुस्तकी मराठीच उतरते. मधेच वऱ्हाडी निघाली तर समजून घे की मावशी तापली.

सोबत औषधाच्या डबीत पेनड्राइव्ह आहे. त्यात सात गाणी आहेत. ऐक आणि एवढंच कळव, हो की नाही. तू नाही म्हणालास तर अश्विन सातही पुसून टाकणार आहे. माझ्या ओट्यासमोर उभं राहून त्यानं तसं सांगितलं, आणि तो बोलला तर करतो हे तुलाही माहीत आहे.

गाणी कसली ते सांगते. याला मॅशअप म्हणतात म्हणे. एकाचं गाणं, दुसऱ्याचं वाजवणं, दोन्ही एकावर एक ठेवायचं. बोल अश्विनचे, त्याचं ते हिप-हॉप. आणि त्याखाली वाजतंय ते तुझं. तुझी ती आल्टरनेटिव्ह रॉक, जी तू मला तासभर समजावली होतीस आणि मला एवढंच कळलं होतं की यात आधी उदास वाजवायचं आणि मग शेजारी भांडायला येतील असं वाजवायचं.

थांब. कागद चुरगाळू नको. काहून एवढा तापतं? आधी पुरं वाच.

अमरावतीची स्पर्धा मी विसरलेली नाही. तुझ्या खोलीतलं गिटार त्यानं गुपचूप फोनवर रेकॉर्ड केलं, स्टेजवर त्याच्यावर गायला, कप घेऊन आला, आणि माइकवर तुझं नावसुद्धा घेतलं नाही. तू चिडलास ते बरोबरच होतं. मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि परवाही सांगितलं. त्यानं मान खाली घातली. म्हणूनच या वेळी तो विचारल्याशिवाय कोणालाही एक गाणं ऐकवायला तयार नाही. तू त्याला फोनवर ब्लॉक करून ठेवलंस, तर बिचाऱ्यानं विचारावं कुठून? म्हणून मध्ये मी. मी तशी मधेच असते म्हणा.

तुमच्या ड्रमवाल्या शेखरलाही त्यानं विचारलं. शेखर लगेच हो म्हणाला आणि वरून ड्रम वाजवून दिला. अश्विन सध्या लग्नांचे व्हिडिओ जुळवून देतो, म्हणजे रात्रंदिवस वरातच ऐकतो. त्याच्या त्या कॉम्प्युटरवर हे सगळं बसवलं. तुझं वाजवणं त्याच्याकडे कसं पोचलं, ते विचारू नकोस.

काकांनी पहिलं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "मिक्सरमध्ये खिळे टाकले का कोणी?" दुसऱ्याला हातातला पेपर बाजूला ठेवला. तिसऱ्याला म्हणाले, "लाव पुन्हा." ते तिसरं त्याच्या वडिलांवरचं आहे. धर्मपालभाऊ बाळापूरहून स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामाला इकडे यायचे, पोराला चिवडा देऊन जायचे, आठवतात ना?

दुसऱ्याच्या सलाबवर बाप माहा चढते,
घरच्या टिनातून चांदणं पडते.

या ओळीच्या खाली तुझी एकच तार वाजते, अगदी बारीक. बाकी सगळं बंद. मी पदराला डोळे पुसले, लपवत नाही.

बरं, सांगते. तुझं वाजवणं मीच दिलं. तू जाताना कपाटात जुनी हार्डडिस्क टाकून गेलास आणि म्हणालास, भंगारात दे. मी दिली नाही. मले भंगार समजते, बाप्पा, ते भंगार नव्हतं. आणि आता निघालंच आहे तर हेही लिहिते, की ही कल्पनासुद्धा अश्विनची नाही. माझी आहे. दसऱ्याला तो सोनं द्यायला आला होता, तेव्हा मीच त्याला म्हटलं की मला तुमचं दोघांचं वेगवेगळं आवडतच नाही. मी ते तसं कधी ऐकलंच नाही.

खरंच ऐकलं नाही रे. घराची रचना आठव. डावीकडे तुझी खोली, उजवीकडे भाड्यानं दिलेली अश्विनची, आणि मधात माझं स्वयंपाकघर. दोन्हीकडे एकेक खिडकी. संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की तिकडून तू सुरू व्हायचास, इकडून तो टेबलावर बोटं आपटत सुरू व्हायचा. लोकांना तुमची दोन गाणी होती. माझ्यासाठी ते एकच होतं. मला वाटायचं गाणं असंच असतं.

आता महत्त्वाचं. अश्विननं आधी त्याच्या मनानं जुळवलं. तुझं एक घेतलं, त्याचं एक घेतलं, ताणलं, आवळलं, पण काही केल्या बसेना. दोन बैल दोन दिशांना. मग मी म्हटलं, "अरे, त्या दिवशीच्या गाण्यावर त्याच दिवशीचं वाजवणं ठेव ना." तारखा दोघांच्याही फायलींवर होत्या. पण त्या दिवशी कोण कुठून सुरू झालं, ते कसं कळणार? तेव्हा त्याला शेवटी काहीतरी ऐकू आलं. तुझ्याही रेकॉर्डिंगच्या शेवटी आणि त्याच्याही. लांबून कोणीतरी बाई ओरडते, "चला रे, जेवाले!"

ती मी. हाक एकच, दोन्ही खोल्यांत गेलेली. त्यानं दोन्ही हाका बरोबर एकमेकींवर ठेवल्या, मागे गेला आणि पहिल्यापासून लावलं.

ललित, एकही जागा ओढावी लागली नाही. तो शब्द सुरू करतो तिथं तू हात आवरतोस. तो श्वास घेतो तिथं तू भरतोस. तो चिडतो तिथं तुझ्या गिटारचा तो पायाखालचा डबा खरखरतो. आणि तारखा बघ. सगळ्या अमरावतीनंतरच्या आहेत, तू त्याचं तोंड बघत नव्हतास तेव्हाच्या. मी हाक मारायची आणि तुम्ही एकेक जण येऊन आपलं ताट उचलून आपापल्या खोलीत न्यायचात, तेव्हाच्या.

अश्विननं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाला, "मावशी, तो मले ऐकत होता?" मी म्हटलं, "मले काय माईत, मी पोळ्या लाटत होती." खोटं बोलले. मला माहीत होतं. तू दिवसभर तुझ्याकडची खिडकी लावून घ्यायचास आणि गिटार हातात घेतलं की उघडायचास. मी विचारलं तर म्हणायचास, उकडतं. डिसेंबरात!

तेव्हा बोलायला पाहिजे होतं असं आता कधी कधी वाटतं. पण बोलले असते तर तू खिडकी उघडायचं सोडलं असतंस, आणि माझा संध्याकाळचा स्वयंपाक मुका झाला असता. आता तो मुकाच आहे. नवीन भाडेकरू फार सज्जन आहेत, कानात बोंडं घालून ऐकतात. मी सुखात आहे, उगाच काही समजू नकोस. फक्त पोळ्या थोड्या लवकर होतात.

अल्बमचं नाव त्यानं 'मधातली खोली' ठेवलंय. शेवटची माझी हाक मात्र काढून साफ करणार म्हणतो, गाण्यात चांगली दिसत नाही म्हणून. काढू दे. माझा आवाज तसाही गाण्यातला नाही.

एका ओळीत उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही. थोडीशी रागावेन.

तुझी,
दोन्हीकडचं ऐकणारी,
संध्यामावशी

*

परतवाडा,
२२ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,

नमस्कार. एका ओळीत जमत नाही.

पाकीट मिळालं त्या दिवशी मी ते उघडून परत बंद केलं. खरं सांगतो, भल्लाच राग आला होता. पुन्हा माझं घेतलं, पुन्हा न विचारता, असंच वाटलं. मग वाटलं, विचारतोच आहे की, आणि मावशीला मधात घालून विचारतो, म्हणजे घाबरून विचारतो. रविवारी लावलं. तिसऱ्या गाण्यानंतर उठून खोलीचं दार उघडलं आणि आवाज मोठा केला. घरमालक वर आले, आता भांडतील वाटलं, तर पायरीवर बसून ऐकून गेले.

हो, ऐकत होतो. उकडत नव्हतं.

मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं आणि त्याच्याशिवाय वाजवायलाही येत नव्हतं. एकटा वाजवलं की सगळं एकसुरी व्हायचं. तो सुरू झाला की हात आपोआप चालायचा. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. त्याला कळलं, हे बरंच झालं. मला सांगायची हिंमत झाली नसती.

माझा होकार आहे. दोन अटी आहेत.

एक. पाचव्या गाण्यात त्यानं माझा एक लांबलेला सूर कापलाय, माझी चूक समजून. ती चूक नव्हती. त्या कडव्यात त्याचा दम पुरत नाही, दर वेळी चौथ्या ओळीला अडकतो. तो सावरेपर्यंत मी तो सूर धरून ठेवायचो. तेवढा परत जोड म्हणावं. आणि दम कमी पडतो तर पायऱ्या चढत जा, असंही सांग.

दोन. तुझी हाक काढायची नाही. सातही गाण्यांच्या शेवटी ती पाहिजे. साफ केली तर माझं गिटार परत दे म्हणावं, मग बस एकटा बोटं आपटत.

त्याला ब्लॉकमधून काढलंय. पण फोन मी करत नाही, आणि त्यानंही करू नये. फोनवर आम्ही दोघं नुसते गप्प बसू आणि रेंज गेली असं म्हणू. येत्या शनिवारी, सत्तावीसला, बँकेला सुट्टी आहे. परतवाड्याहून सकाळच्या गाडीनं निघतो, गिटार घेऊन. संत्री आणतो. काकांना सांग, खिळे या वेळी बारीक टाकू.

अश्विनला संध्याकाळी बोलावून ठेव. कशासाठी ते सांगू नको. तू रोजच्यासारखी कणीक मळायला घे आणि झालं की एकदाच हाक मार.

ताटं कोणी उचलून नेणार नाही. तिथंच वाढ, मधात.

तुझा,
ललित