अण्णांचा नंबर

साखरा, ता. सेनगाव
मंगळवार

प्रिय वैजनाथ,

तुझी निमंत्रणपत्रिका पोचली. कागद जाड, अक्षरं सोनेरी आणि वर अण्णांचा फेट्यातला फोटो. 'कै. व्यंकटराव स्मृती रुग्णालय', उद्घाटन मातोश्री सुमनबाई यांच्या हस्ते. रविवारी मायला घेऊन सकाळीच ये, गाडी पाठवतो, असं तू फोनवर सांगितलंस आणि माझं हो की नाही ऐकायच्या आत फोन ठेवलासही. इतकी वर्षं पलटणीत हुकूम सोडून आलेल्या माणसाशी फोनवर बोलणं म्हणजे रेडिओशी भांडणं. म्हणून लिहायला बसले. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकांच्या लेकरांना पत्रलेखन शिकवलं, आता पाठच्या भावावर ते वापरायची पाळी आली.

तू डॉक्टर होऊन फौजेत गेलास तेव्हा माय कितीतरी दिवस धड जेवली नव्हती. अण्णांची छाती मात्र फुगली होती. पहिल्या सुट्टीत तू कॅप्टनच्या वर्दीत आपल्या गावी, शिरड शहापूरला आलास, तर हळदीचा सौदा करायचाय म्हणून ते तुला हिंगोलीच्या मोंढ्यात घेऊन गेले. हळद होती तशी संध्याकाळी घरी परत आली. मोंढ्यातल्या यच्चयावत अडत्यांना मुलगा तेवढा दाखवून झाला होता. मग तू लेहला गेलास, आसामात गेलास, सिकंदराबादच्या मिलिटरी हॉस्पिटलात होतास. सुट्टीला मी माहेरी आले की तुझी पत्रं अण्णांना वाचून दाखवायचे. बर्फानं काळी पडलेली जवानांची बोटं, रस्ता नाही तिथून खांद्यावर उतरवलेले जखमी. ऐकताना अण्णांचे डोळे भरायचे. तू माणसं वाचवलीस, हे मी कधी नाकारणार नाही. एका पत्रात तू लिहिलं होतंस की सकाळी आजारी म्हणून रांगेत येणाऱ्यांतले निम्मे कवायत चुकवायला आलेले असतात, आणि फौजेतल्या डॉक्टरचं निम्मं काम म्हणजे ढोंग ओळखणं. अण्णा खूप हसले. "बराबर हाय. आपले गडीबी असंच पोट धरून बसतेत," म्हणाले. मीही हसले होते.

लेफ्टनंट कर्नल होऊन परत आलास आणि हिंगोलीत दवाखाना काढलास. पहिल्या दिवसापासून तुझा तो नियम. बालाजी कंपाउंडर दारात पितळेचे बिल्ले वाटणार, ज्याला जो नंबर मिळेल त्यानं बाकावर बसायचं. रक्त वाहतंय किंवा श्वास अडलाय तेवढ्यालाच आधी आत, बाकी पाटील असो की तांड्यावरचा मजूर, नंबरानं. एका पुढाऱ्याच्या बायकोला तू ताटकळत ठेवलंस आणि ती तणतणत निघून गेली, ती गोष्ट जिल्हाभर झाली. खरं सांगते, मलाही तुझा अभिमान वाटला होता. आपल्याकडं मागच्या दारानं आत जाणाऱ्यांची कमी नाही, तू ते दार बंद केलंस. अण्णा तर गावभर सांगत फिरायचे, "आमच्या वैजनाथकडं खुद बापालाबी नंबर लागतो." तेव्हा ते नुसतं बोलणं होतं. त्यांना कधी साधं पडसंही होत नसे.

त्या सकाळचं मी तुझ्याशी कधी बोलले नाही. आज बोलते. अण्णांच्या छातीत रात्रीपासून कळ होती. मायला त्यांनी जळजळ होते एवढंच सांगितलं आणि आपल्या जुन्या दोस्ताला, रामसिंगकाकांना, सोबत घेऊन पहिल्या एस्टीनं हिंगोलीला आले. बालाजी त्यांना सरळ आत नेत होता, तर अण्णांनीच हात झटकला आणि बिल्ला मागून घेतला. लेकाचा नियम बापानं कसा मोडायचा? बाकावर बसून शेजारच्या बाईला ते तुझंच कौतुक सांगत होते. मग त्यांना घाम फुटला. रामसिंगकाका आपले तांड्यावरचे साधे माणूस, पण त्यांना कळलं. त्यांनी बालाजीला आत पिटाळलं. बालाजीनं तुला सांगितलं, अण्णा आलेत, छातीत जळजळ म्हणतात, घाम आलाय. आणि तू म्हणालास, अण्णांना गॅस होतो, नंबरानंच पाठव, नाहीतर बाहेरचे काय म्हणतील. हे मला बालाजीनं स्मशानातून परतल्यावर आपल्याच ओसरीत, खांबाला धरून रडत सांगितलं. थोड्या वेळानं अण्णांची मान रामसिंगकाकांच्या खांद्यावर पडली तेव्हा तू धावत बाहेर आलास. मग छाती दाबलीस, इंजेक्शनं दिलीस, सगळं केलंस. तेव्हा काय उपयोग होता?

मायला आपण सांगितलं की अण्णा आत, पलंगावर, तुझ्या हातात गेले. हे ठरवलं तू, आणि मी मान डोलावली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय मला वाटलं, तुला आतून पोखरायला ती एक गोष्ट जन्मभर पुरेल, माझ्या बोलण्याची भर कशाला. तेराव्यानंतर तू गाडी दारात उभी केलीस, तर माय म्हणाली, "मला अनूकडं सोड." लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मोजून पिणारी आपली माय, ती गेली सहा वर्षं जावयाच्या घरात राहून राहिली आहे. लोक तोंडावर विचारतात, कर्नल लेक असताना आई इथं काहून? मी सांगते, तिला शहर मानवत नाही. मलाही तेच वाटायचं. गुडघा धरला, साखर वाढली, तरी ती तुझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही. सेनगावच्या सरकारी दवाखान्यात जाते आणि तिथल्या गर्दीत बसते. तुला त्याचा राग आहे, मला ठाऊक आहे. मागच्या दिवाळीला तू म्हणालासही, की अक्का, तूच तिला फितवलंस. ते मी गिळलं.

पण गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर तुझा तो व्हिडिओ आला, आणि मला कळलं की तुला आतून काहीही पोखरत नाही. शाळेच्या कार्यक्रमात शिस्तीवर बोलताना तू सांगितलंस, माझे वडील माझ्याच दवाखान्यात, हातात नंबर घेऊन, बाकावर गेले. त्यांनी मला निरोपसुद्धा देऊ दिला नाही. मला पत्ताही नव्हता. मरतानाही त्यांनी नियम मोडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू थोडा थांबलास, चष्मा पुसलास, अजून टाळ्या झाल्या. वैजनाथ, तू बापाच्या मरणावर टाळ्या घेतल्यास, आणि त्यासाठी खोटं बोललास. मला तुझी किळस आली. नियम चांगला होता, मी कुठं नाही म्हणते? पण सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात मारून घेत नाही. आणि निरोप तुला मिळाला होता. जन्मभर ढोंग ओळखणाऱ्या डॉक्टरला बापाच्या कपाळावरचा खरा घाम उठून बघावासा वाटला नाही. माय तेव्हा पलीकडच्या खोलीत वाती वळत होती. मी घाईघाईनं फोनचा आवाज बंद केला.

आता रविवारी तू तीच गोष्ट सांगणार. पत्रिकेतच छापलंय, 'शिस्तीसाठी देह ठेवणारे'. आणि समोर पहिल्या रांगेत माय बसलेली असणार. म्हणून तुझ्याकडं एकच मागणं आहे. पाहिजे तर अण्णांचं नाव लाव, फोटो लाव, हार घाल, पण ती गोष्ट सांगू नकोस. हे माझ्यासाठी नको, मायसाठी कर. त्या म्हातारीला तिचा नवरा पलंगावर, लेकाच्या हातात गेला असं वाटतंय, तेवढं तिच्याजवळ राहू दे.

गुरुवार

इथवर लिहून पाकिटात घालायचं राहिलं होतं. बरं झालं राहिलं.

काल दुपारी मी मायला विचारलं, रविवारी कोणतं लुगडं काढू. तिनं कमरेची चंची काढली, सुपारीच्या कप्प्यात बोट घालून पितळेचा बिल्ला बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. सतरा नंबर. बोटं फिरून फिरून कडा गुळगुळीत झाल्यात. म्हणाली, "ह्यांच्या मुठीतून रामसिंगानं सोडवून आणला व्हता. त्याच सांजंला मला समदं सांगितलं त्यानं." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली काहून नाहीस? तर म्हणाली, "काय बोलू? लेकरू हाय माझं. आन् तू मला जपून राहिली व्हतीस, तुझं मन काहून मोडू?" सहा वर्षं मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. तुझ्या व्हिडिओचा आवाज मी बंद केला त्या दिवशीही तिनं सगळं ऐकलं होतं.

तेव्हा वरचं मागणं मी मागं घेते. आता हे पत्र दुसऱ्याच कामासाठी पाठवते आहे. रविवारी गाडी पाठवू नकोस. आम्ही एस्टीनं येतो, अण्णा आले तसंच. रामसिंगकाका तांड्यावरून येतील. फीत दुसऱ्या कुणाकडून कापून घे, माय कात्री धरणार नाही. "मी बाकावर बसते," म्हणाली, "त्याला टाइम मिळंल तवा बोलवील." भाषणात काय सांगायचं ते तुझं तू ठरव. तुला निरोप मिळाला नव्हता असं मात्र या वेळी म्हणता येणार नाही, म्हणून हे लिहून कळवते. माय बाहेर बाकावर असेल. तिच्या हातात सतरा नंबरचा बिल्ला असेल. तो अजून कुणी पुकारलेला नाही.

तुझीच,
अनुअक्का