दोऱ्याचा घन

सोमवार, ३ जानेवारी

घन तयार झाला! जाड कागदावर दोरा चिकटवला, लपलेल्या कडांना तुटक ठिपके, प्रत्येक कोपऱ्याला ब्रेलमध्ये अक्षर. तीन दिवस खपलो. दृष्टिहीन मुलांना भूमिती झेपत नाही म्हणणाऱ्या मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडाला आता कुलूप लागणार, हे मी जेवताना हिला मुद्देसूद समजावले. तिने फक्त मीठ मागितले होते.

मंगळवार, ४ जानेवारी

कुलूप माझ्याच तोंडाला.

दहावीतली ती दृष्टिहीन मुलगी – प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घेते, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचे नाव ‘वकिलीणबाई’ – घनावरून बोटे फिरवत राहिली. मी शेजारी उभा राहून खोली, अंतर, लपलेल्या कडा यांवर बोलत राहिलो. शेवटी तिने विचारले, “सर, खोक्याचे सगळे कोपरे काटकोनात असतात ना? मग याच्यावर कोण बसलं होतं?”

वीस वर्षे शिकवतो आहे! डोळ्यांना जो घन दिसतो, तो बोटांना लागतो चेपलेल्या चौकटींचा गुंता. मी डोळ्यांसाठीच चित्र काढले आणि वर दोरा चिकटवला. धन्य मी.

बुधवार, ५ जानेवारी

परीक्षेचा अर्ज शुक्रवारपर्यंत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची मुभा आहे. मुख्याध्यापिकाबाईंचे म्हणणे, घेऊ दे की सोपा विषय, उगाच वर्ष कशाला पणाला लावायचे. पण गणित सोडले, की तिला हवा असलेला संगणकाचा अभ्यासक्रम बंद. तिच्या बाबांनी दारातच माझे मत विचारले. मी पंचवीस मिनिटे मत दिले. बिचारे उभेच होते.

गुरुवार, ६ जानेवारी

खडूचे रिकामे खोके तिनेच उसवले आणि टेबलावर सपाट पसरले. म्हणाली, असं काढा. एकमेकांना जोडलेले सहा आयत, जसे आहेत तसे. पाच मिनिटांचे काम! मी कागदाच्या मागून टोचणीने रेषा उठवल्या, आकडे घातले, गणित दिले, आणि पृष्ठफळाचे सूत्र मुळात कोठून येते हे उत्साहाने –

“सर, रागावू नका. बोटांनी वाचू की तुमचं ऐकू? दोन्ही एकदम नाही होत.”

गप्प बसलो. आजवर मूल अडखळले, की मी आणखी समजावत आलो! आज खिडकीच्या काचेवरचे डाग बघत बसलो. ओठ दोनदा उघडले, दोनदा मिटले. अकरा मिनिटांनी तिने उत्तर सांगितले. अचूक.

“आता बोला,” म्हणाली.

मी पुढचे गणित दिले.

शुक्रवार, ७ जानेवारी

अर्ज गेला. विषय – गणित. त्याखाली रकाना होता : परीक्षेत आकृत्या समजावून सांगण्यासाठी सोबत कोण? बाईंनी तेथे आधीच माझे नाव लिहून ठेवले होते. तिने ते माझ्याच हाताने खोडून घेतले.