चौदा किलोची मानवंदना

५ जानेवारी २०२५, रविवार

सायकल आली. एकवीस गिअर. रंग मिलिटरी हिरवा, मुद्दाम निवडला.

संकल्प लेखी असावा म्हणून ही वही. २४ तारखेला जळगाव सोडायचं. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, पिंपळनेर करत २५ला संध्याकाळी आमच्या मूळ गावी, खडकपाड्याला. अंतर १८० किमी. रोज नव्वद. ताशी पंधरा धरले तरी सहा तास. म्हणजे दुपारी जेवायला मोकळा.

खडकपाड्याच्या चावडीवर पहिल्या महायुद्धाचा दगड आहे, इंग्रजांनी लावलेला. बाबा सांगायचे, पणजोबा झिपरू बोरसे लढाईत गेले. एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. वीरांच्या घरी बोलघेवडेपणा नसतो.

२६ जानेवारीला त्या दगडाशेजारी पणजोबांचा फलक लावणार. आमच्यापैकी तीन पिढ्यांत त्या गावात कोणी गेलेलं नाही. कामं असतात.

७ जानेवारी

फलक दुकानातच कापला. काळा ग्रॅनाइट, मिरर पॉलिश, दोन फूट बाय दीड. मजकूर माझा: ‘महायुद्धात धारातीर्थी पडलेले वीर झिपरू लहानू बोरसे यांच्या स्मृतीस. पणतू हितेंद्र बोरसे, बोरसे टाइल्स अँड ग्रॅनाइट, जळगाव.’ खाली मोबाइल नंबर. कोणाला इतिहासाची माहिती हवी असेल तर.

पुनमने वाचलं. बायकोने आधी कौतुक करावं, तर विचारते, ते १९१८च्या आत गेले तर तुमचे आजोबा १९२६ला कसे जन्मले? तिला समजावलं की जुन्या जन्मतारखा मास्तर अंदाजाने टाकायचे. म्हणाली, आठ वर्षांचा अंदाज?

वजन १४ किलो. टेम्पोने पाठवा म्हणाली. वीराचा फलक टेम्पोने जात नसतो. कॅरिअरवर नेणार.

१० जानेवारी, सकाळी ५.००

आजपासून ट्रेनिंग.

१० जानेवारी, सकाळी ९.३०

धुकं होतं. दृश्यमानता कमी. खिडकीतून पाहिलं नाही, पण असणारच. यूट्यूबवर पेडलिंगचे तीन व्हिडिओ पाहिले. थिअरी पक्की असली की पाय आपोआप चालतात.

१२ जानेवारी, रविवार

मेहरूण तलावाला एक फेरी, फलकासकट. दोन फेऱ्या ठरल्या होत्या, पण मुद्दा दर्जाचा आहे. दोन मोठे कॅन लावलेला एक दूधवाला पुढे निघून गेला. साठीचा असेल. अजिबात टेक्निक नाही.

१७ जानेवारी

खडकपाड्याच्या मगननानांचा फोन. नाना लांबचे चुलते, गावातली सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. म्हणाले, “भाऊ, झिपरूबाबानी गोट जरा येगळी शे.” म्हटलं, नाना, वेगळी असणारच, म्हणून तर फलक. आत्ता सांगू नका, सगळं २६ला लोकांसमोर सांगा. ते काहीतरी पुटपुटले. भारावले असावेत.

‘बोरसे परिवार’ ग्रुपवर निमंत्रण टाकलं. त्रेचाळीस सभासद. सोळा अंगठे.

२२ जानेवारी

आहार कडक: फक्त फळं आणि मोड आलेले मूग. रात्री साडूच्या शेतात भरीत पार्टी होती. वांगं ही भाजी असली तरी शास्त्राप्रमाणे फळ आहे. चार वेळा वाढून घेतलं. पुऱ्या मोजल्या नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ७.४०

प्रयाण. सहाला ठरलं होतं, पण हार घालायला यायचा माणूस उशिरा आला. पुनम २६ला सकाळी एसटीने खडकपाड्याला येणार. निघताना तिने हातात पंचवीस रुपयांचं मलम ठेवलं. विचारलं नाही कशाचं.

सकाळी १०.१५

हायवे टाळून आतल्या रस्त्याने. दोन्ही बाजूंनी केळी, मग हरभरा, मग वेचून झालेला कापूस. सगळं शांत. इतकं शांत की माझ्या श्वासाचा आवाज शेतातल्या बाईला ऐकू गेला आणि तिने पाणी आणून दिलं.

नियम केला: वाटेतल्या प्रत्येक हुतात्मा स्मारकाला, जवानाच्या पुतळ्याला थांबून मानवंदना द्यायची. पहिली मानवंदना चाळीस मिनिटं चालली. झोपून दिली.

दुपारी १.००

एका गावाच्या वेशीवर जवानाचा अर्धपुतळा. पुतळ्याचं कपाळ पुसायला हातात जुनं फडकं घेतलेला एक म्हातारा. अमृत नाव. त्याला बसवून पंधरा मिनिटं सांगितलं की बलिदान म्हणजे काय, घरच्यांवर काय बेततं, आणि समाज कसा विसरतो. त्याने शांतपणे ऐकलं. मग पुतळ्याच्या कानामागची धूळ पुसत म्हणाला, “मना आंडोर शे तो.”

त्याचा मुलगा. सहा वर्षं झाली.

कडक सॅल्यूट ठोकला. त्याने विचारलं, मागे एवढं जड काय बांधलंय? पणजोबांचा फलक म्हटलं. चढ संपेपर्यंत सायकल त्यानेच ढकलली. माझ्या विचारांचा परिणाम खोल झाला असावा.

रात्री ८.००, धुळे

नव्वद किमी पूर्ण. त्यातले शेवटचे अठ्ठावन्न मी आणि सायकल कापसाच्या पिकअपमध्ये होतो. अंतर तेवढंच कापलं गेलं. मलम उपयोगी पडलं.

२५ जानेवारी, सकाळी ११.००

धुळ्याच्या पुढे पंक्चर. किट आहे, पण सील तोडलं तर वॉरंटी जाते. कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्याने आपणहून विचारलं. पन्नास किलोच्या गोण्यांवर बसलो. उंचावरून गावं फार सुंदर दिसतात. सायकलवरून एवढं दिसत नाही, हा या पद्धतीचा मोठा दोष.

रात्री ९.००, खडकपाडे

वेशीच्या दोनशे मीटर अलीकडे उतरलो. गावात सायकलवरून प्रवेश, पंक्चर चाकावर. स्वागत उत्तम. जेवताना मगननाना परत म्हणाले, उद्याच्या आधी थोडं बोलायचं होतं. म्हटलं, नाना, १८० किलोमीटर आलोय, झोपू द्या.

२६ जानेवारी, रविवार, सकाळी ७.००

दगड पाहून आलो. साधा आहे, चावडीच्या भिंतीत. इंग्रजीत. या गावातून ११ माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी २ जणांनी प्राण दिले. नावं नाहीत! एकही नाही. म्हणजे पुरावाच नाही, तर विरोध कोण करणार?

दुपारी ३.००

क्रमाने लिहितो.

शाळेत झेंडावंदन झालं. सगळं गाव चावडीपाशी आलं. पुनम नऊच्या गाडीने पोचली. मी वीस मिनिटं बोललो. दगडावरचा मजकूर मराठीत सांगितला आणि म्हणालो, प्राण देणाऱ्या त्या दोघांपैकी एक माझे पणजोबा.

चावडीच्या ओट्यावर ताईबाई म्हणून एक आजी बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या. त्या हसायला लागल्या. दात नसल्यामुळे हसू थांबता थांबेना. मग बोटांवर मोजत नावं घेऊ लागल्या. उखा, सोनजी, दगा, गोविंदा, शंकर... त्यांच्या आजेसासूने पाठ करून घेतली होती. दहा झाली. अकरावं घेताना हसू गेलं. सुपडू. आजेसासूचा धाकटा भाऊ, याच गावातला. सतरा वर्षांचा. परत आला नाही.

मी विचारलं, आणि झिपरू?

ताईबाई म्हणाल्या, “तो लढाईमा नही गया. लढाईना येळले गया. जळगावले!”

सगळं गाव हसलं. मगननाना तेवढे जमिनीकडे बघत होते.

झालं असं. पाटलाला अकरा जण द्यायचे होते. झिपरू अकरावा. भरती करणारे यायच्या आदल्या रात्री तो कणगीत लपला. तीन दिवस ज्वारीत बसून होता. चौथ्या दिवशी जळगावची वाट धरली. आकडा भरायला सुपडूला नेलं. घरच्यांना वाटलं, दोन महिन्यांत येईल.

म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते. पणजोबा लढाईत, म्हणजे लढाईच्या वेळेला, गेलेच होते. कुठे गेले, एवढंच सांगायचं राहिलं.

मी म्हटलं, आजी, मला माफ करा. असं मी आयुष्यात पहिल्यांदा माइकवर म्हणालो. माइक बंद करायचा राहिला होता. ताईबाई म्हणाल्या, “तू काय करं? तो पयना म्हनीसन तू शे. चाल, जेवाले चाल.” पणजोबा पळाले म्हणून मी आहे, हे त्यांनी सहज सांगितलं.

त्यांच्याच घरी जेवलो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा खुडा. मला दोनदा वाढलं. दोन्ही वेळा खाल्लं, नाहीतर त्या रागावल्या असत्या. पुनमने त्यांच्याशेजारी बसून अकराही नावं निमंत्रणपत्रिकेच्या मागे उतरवून घेतली, बापाच्या नावासकट. दोनदा वाचून दाखवली.

मग मला म्हणाली, अकरा नावं कोरायला किती दिवस लागतील?

२७ जानेवारी

एसटीने परत. सायकल टपावर. फलक माझ्या मांडीवर, मजकूर आतल्या बाजूला.

३१ जानेवारी

ग्रुपवर विचारणा: फोटो कुठे? लिहिलं, नेटवर्क नव्हतं. मग पुसलं. लिहिलं, पणजोबांबाबत नवीन संशोधन पुढे आलं आहे. तेही पुसलं.

५ फेब्रुवारी

जुना मजकूर घासून काढला. मशीन मीच चालवलं, कारागिराला लावलं नाही. ‘वीर’ लवकर गेलं, मोबाइल नंबर खोल कोरलेला होता. नावं कोरून घेतली. सुपडूचं शेवटी न ठेवता सगळ्यांत वर घेतलं. खाली कोपऱ्यात अगदी लहान अक्षरात ‘सौजन्य’ घालावं असं मनात होतं. पुनमने चहा ठेवला आणि कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा मोकळा ठेवला.

८ फेब्रुवारी

ग्रुपवर खरं लिहिलं. पणजोबा पळाले, त्यांच्याऐवजी सतरा वर्षांचा मुलगा गेला आणि मेला. सगळ्यांनी वाचलं. अंगठा एकाचाही नाही. नागपूरचे काका ग्रुप सोडून गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

फलक टेम्पोने आधीच पाठवला होता. मी पिंपळनेरपर्यंत एसटीने. तिथून खडकपाडे नऊ किमी, सायकलने, एकटा. हार नाही, भाषण नाही. मगननानांनी आणि मी मिळून सिमेंट लावलं. ताईबाईंना ओट्यावरून खाली आणलं. त्यांना वाचता येत नाही. बोट धरून पहिल्या नावावर ठेवलं, मग त्या आपणच खाली खाली हात फिरवत गेल्या.

नऊ किमीत पाच वेळा थांबलो. वाटेत स्मारक एकही नव्हतं.

दमलो होतो.