खोडलेला तळमजला

माजलगाव, मंगळवार

प्रिय ख्वाजा,

तुझं बोर्ड रंगवायचं दुकान माझ्या दारापासून एकशेदहा पावलांवर आहे, तरी पत्र लिहितोय. दवाखान्याचा तो बोर्ड लागल्यापासून तुझ्या दुकानावरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो. तुझ्या ध्यानात आलंच असेल.

हाडांच्या डॉक्टरांनी अमेरिकेतून फोनवर तुला मजकूर सांगितला होता, फर्स्ट फ्लोअर. रस्त्यालगतच, असंही म्हणाले होते. तू खडूनं ‘तळमजला’ आखलास. तुझी लेक लुबना पुण्यात कॉल सेंटरात बसून अमेरिकेचे फोन घेते. तिकडं खालच्यालाच फर्स्ट म्हणतात, हे तिनं तुला सांगितलं होतं. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं एका जुन्या डिक्शनरीवर शिकलो, त्याचा मला लई माज. परमेश्वरच्या हॉटेलात दहा जणांसमोर मी म्हणालो, ब्रशवाल्यानं इंग्रजीत कशाला पडावं रं? खाली ग्राउंड, वर फर्स्ट. सगळे हसले. तू चहा अर्धा ठेवून गेलास, खडू पुसलास आणि ‘पहिला मजला’ रंगवलास.

उद्घाटनाला गुडघ्यांचे पेशंट बावीस पायऱ्या चढून थेट शिकवणीच्या वर्गात. छबुबाई काठी टेकत निघाल्या, तेराव्या पायरीवर बसल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना. डॉक्टर तुला सगळ्यांदेखत अडाणी म्हणाले. तू एकदाच माझ्याकडं पाहिलंस. मी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटं. तू माझं नाव घेतलं न्हाईस. दवाखान्याचे बाकीचे नऊ बोर्ड तुझ्या हातून जाऊन फ्लेक्सवाल्याकडं गेले.

परवा डिक्शनरी उघडली. पहिल्या ओळीत माझा अर्थ, दुसऱ्या ओळीत लुबनाचा. तीस वर्षं मी पहिल्या ओळीवरच थांबलेलो.

काल डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, बोर्ड ख्वाजाभाईंकडूनच दुरुस्त करून घ्या. पण चारचौघांत हसलो, त्याची माफी दुकानात एकट्याला मागून भागणार न्हाई. अन् तुझ्यासमोर तोंड उघडलं, तर मी पुन्हा काहीतरी शहाणपण शिकवीन. म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिलंय. उद्या सकाळी परमेश्वरच्या हॉटेलात, त्याच दहा जणांसमोर, लुबनाला फोनवर घेऊन मोठ्यानं वाच. मी कोपऱ्यातल्या बाकावर असेन, घड्याळ घरी ठेवून.

तुझाच,
अंगद